सहीचा कित्ता

३ मार्च, सोमवार

ठकी,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. दोन वर्षं तू माझा फोन उचललेला नाहीस, तेव्हा आशीर्वाद तरी उचलशील की नाही कोण जाणे. लिहिले आहेत असं समज आणि पुढे वाच.

कामापुरतं लिहितो. मी परत चाललो आहे. आई गेल्यावर आलो तेव्हा विमानतळावर मेहुण्यांना मोठ्या तोंडाने म्हणालो होतो, "आता कायमचा आलो." ते शब्द गिळतो. तिथला राहण्याचा परवाना माणूस सलग दोन वर्षं देशाबाहेर राहिला की आपोआप रद्द होतो, आणि माझी दोन वर्षं ३१ तारखेला भरतात. ती मुदत संपायच्या आत मला तिथल्या परवाना-कचेरीच्या खिडकीसमोर उभं राहायचं आहे. सोबत इथल्या बँकेचं पत्र लागतं, की या माणसाची तिकडची पेन्शन आमच्याकडे येत होती आणि आता ती पुन्हा तिकडच्या खात्यात वर्ग करत आहोत. तिकीट २८ चं काढलं आहे.

तुझ्याकडून एकच गोष्ट हवी. आईच्या पत्र्याच्या डब्यात मी पहिल्या वर्षी पाठवलेली पत्रं आहेत. डबा तुझ्याकडे आहे. त्यातलं कुठलंही एक दे, खाली माझी पूर्ण सही असलेलं. बँकेला जुना नमुना हवा आहे, बाकी काही नाही.

बॅग तीनदा भरली आणि तीनदा रिकामी केली. आईच्या या घरात बसलो की उठावंसं वाटतं आणि उठलो की कुठे जायचं ते कळत नाही. इमारतीच्या लिफ्टचा दरवाजा बंद होताना किंचित अडकतो. दोन वर्षं तो आवाज ऐकतोय. वॉचमनला सांगितलं तर म्हणतो, "चालतेय ना काका, मग झालं तर." एकतीस वर्षं लिफ्ट तपासण्यात गेलेल्या माणसाला असलं ऐकवतात.

दादा

(वरच्या अक्षरांखाली जी वाकडी रेघ आहे ती माझी सही. तुला ओळखू यायची नाही म्हणून सांगतो.)


७ मार्च, शुक्रवार

ठकी,

उत्तर नाही. ठीक आहे. कदाचित मी अर्धवट लिहिलं म्हणून असेल. बँकेला नमुना हवा आहे हे खरं नाही. नमुना बँकेकडे आहे. तो मलाच हवा आहे.

झालं असं. दोन वर्षं मी मशीनमधून पैसे काढत होतो, त्यामुळे सहीचा प्रश्नच आला नाही. गेल्या आठवड्यात पेन्शन वर्ग करायचा अर्ज घेऊन काउंटरवर गेलो. तिथल्या बाई तरुण आहेत, बोलायला गोड, कामाला चिवट. त्यांनी माझा अर्ज पाहिला, कपाटातून एक पिवळं पडलेलं कार्ड काढलं, दोन्ही शेजारी ठेवली आणि मान हलवली. मग संगणकात जुने चेक उघडून बसल्या. बराच वेळ बघत होत्या.

"काका, राग मानू नका," त्या म्हणाल्या. "गेल्या तीस वर्षांतला एकूण एक चेक कार्डाशी जुळतो. वेलांटीसुद्धा इकडची तिकडे नाही. एकटी तुमचीच सही जुळत नाही."

मागे रांगेत कुणीतरी हसलं. मीही हसलो असतो, माझं काम नसतं तर.

ते सगळे चेक तू लिहिलेले. मी जाताना आईच्या खर्चाच्या खात्यात माझं नाव आणि कार्डावर माझी सही ठेवून गेलो, आणि पुढच्याच महिन्यात फोनवर तुला म्हणालो, "माझी सही तूच कर, तुझा हात नकाशे गिरवून बसलेला आहे." नगररचना ऑफिसात बसून शाईने नकाशे गिरवणाऱ्या बाईला एक सही म्हणजे काय! तू ती जशीच्या तशी जपलीस. आणि मी तिकडे रोज चाळीस लिफ्ट तपासायचो, प्रत्येक लिफ्टमधल्या कार्डावर सही करायचो. दिवसाला चाळीस. दुसऱ्या वर्षी आडनाव गळलं, मग नाव गळलं, शेवटी नुसती रेघ उरली. माझी सही झिजली आणि तुझ्याकडची कोरी राहिली.

नवीन कार्ड भरून द्या म्हटलं, तर बाई म्हणाल्या, "खात्यावर शेरा आहे. सहीबद्दल तुम्हीच तक्रार केलेली आहे. तक्रार मिटल्याशिवाय नवीन सही घेता येत नाही. आणि तक्रार मागे घ्यायची तर त्या अर्जावर कार्डाशी जुळणारी सही लागते."

तीन वेळा विचारून घेतलं. तिन्ही वेळा तेच. कार्डाचा फोटो काढू देत नाहीत, नियम आहे. म्हणून तुझ्या डब्यातलं पत्र हवं आहे. पाहून सराव करीन.

दादा


११ मार्च, मंगळवार

ठकी,

काल मेहुण्यांच्या चष्म्याच्या दुकानात गेलो होतो ते तुला कळलं असणारच, कारण मी पायरी चढलो तेव्हा तू मागच्या खोलीत होतीस. कात्रीचा आवाज येत होता, तो बंद झाला आणि मागचं दार वाजलं. निवृत्तीला तीन आठवडे राहिलेली बाई मागच्या दाराने पळते! मला बघून! मी काय सावकार आहे?

मेहुणे कुणाच्या तरी फ्रेमचा बारीक स्क्रू आवळत होते. मान वर न करता म्हणाले, "पत्रं पोचतात. चष्मा नाकावर सरकवून दोनदोनदा वाचते. बोलणार मात्र नाही म्हणते."

"का पण?"

"ते तुम्हाला माहीत आहे, मला कशाला विचारता?" मग त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, समोरचा तक्ता वाचायला लावला आणि माझा नंबर वाढलाय म्हणून सांगितलं. भांडणातसुद्धा धंदा सोडत नाहीत.

मला राग आलेला आहे आणि तो मी लपवणार नाही. एक जुनं पत्र मागितलं तर एवढा ताठा! माझे वीस दिवस उरले आहेत. परवाना गेला की परत मिळत नाही, या वयात तर नाहीच. पेन्शन इथे घेतली की त्यातून मोठा भाग कापून येतो, औषधपाणी तिकडचं फुकट ते बंद. तुला हे सगळं कळतं. तू ऑफिसात जन्म काढलास.

बँकेतल्या बाईंनी दुसरी वाटही सांगितली आहे. तक्रार मागे न घेता पुढे न्यायची. म्हणजे मी एका फॉर्मवर लिहून द्यायचं की सह्या कुणी केल्या. मग मी फसवला गेलेला खातेदार ठरतो, माझी ओळख कागदपत्रांवरून पटवतात आणि दोन दिवसांत नवीन कार्ड. "चौकशी त्या व्यक्तीची होईल," बाई म्हणाल्या. "सरकारी नोकरीत असेल तर ऑफिसला कळवावं लागतं."

तो फॉर्म मी घरी आणला आहे. टेबलावर आहे. तुला धमकी देत नाही, आहे ते सांगतो.

दादा


१५ मार्च, शनिवार

ठकी,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि हात आत घालून परत काढता येतं का ते पाहिलं. येत नाही. पोस्टाच्या माणसाने मला हटकलं.

त्या फॉर्मवर मी माझं नाव, खाते क्रमांक, पत्ता इतकं भरलं होतं. पुढचा रकाना होता, "संशयित व्यक्तीशी नाते". तिथे "बहीण" लिहायचं होतं. पेन उघडून बसलो, उठलो, खाली जाऊन फिरून आलो, वॉचमनशी लिफ्टवरून भांडलो, परत येऊन बसलो. चौकशी लागली की तुझी पेन्शन अडकते. एकतीस मार्चला तुझ्या ऑफिसात हार घालतील आणि दुसऱ्या दिवसापासून तू खेपा घालत राहशील. आपल्या दोघांचा शेवटचा दिवस एकच आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. फॉर्म फाडला. चार तुकडे करून कचऱ्याच्या डब्यात टाकला, मग ते तुकडे काढून आणखी फाडले.

आता त्या दिवसाचं लिहितो. तुला माहीत आहे, पण मी कधी बोललेलो नाही.

आई जाऊन महिना झाला होता. आपण दोघं मॅनेजरच्या केबिनमध्ये बसलो होतो, खात्याची आवराआवर करायला. हॉस्पिटलला दिलेले चेक त्याने पुढ्यात ठेवले आणि सहज विचारलं, "या सह्या तुमच्याच ना?" हो म्हटलं असतं तर दोन मिनिटांत उठलो असतो. मी "नाही" म्हणालो. तू माझ्याकडे बघितलंस. मॅनेजरने विचारलं, मग कुणाच्या? मी तुझ्याकडे बोट केलं आणि म्हणालो, "हिचं लहानपणचं नावच ठकी आहे. ठकवणारच."

तो हसला. मीही हसलो. तू पर्स उचललीस आणि गेलीस, आणि मी तिथे तक्रार लिहून दिली, कागदावर कुणाचं नाव न घालता.

हे नाव मी ठेवलं होतं. तू चार वर्षांची, गोल तोंडाची, लाकडाच्या ठकी बाहुलीसारखी भिंतीला टेकून बसायचीस म्हणून. घरात त्या नावाने तुला फक्त प्रेमाने हाक मारलेली आहे. ते नाव मी परक्या माणसासमोर तुझ्या तोंडावर मारलं.

पैशाचा राग नव्हता ठकी. तू एक पैसा इकडचा तिकडे केला नाहीस हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आई तीन महिने आजारी होती. मी तुला सांगत राहिलो की रजा मिळत नाही. रजा होती. मी कधीच निवृत्त झालो होतो, घरी बसून होतो, फक्त तुम्हाला सांगितलं नव्हतं. मला तिला तशी बघायची भीती वाटत होती. हॉस्पिटलच्या प्रत्येक कागदावर माझी सही होती आणि मी नव्हतो. ते चेक समोर आले तेव्हा तू माझ्यापेक्षा चांगला मुलगा झालेली दिसत होतीस. ते मला सहन झालं नाही.

परत का चाललोय तेही खरं सांगतो. इथे माझ्याशी कुणी बोलत नाही. तिथेही कुणी बोलत नसे, पण तिथे त्याचं काही वाटत नव्हतं.

चुकलो. दुसरा शब्द शोधत होतो, सापडला नाही.

पत्र द्यायचं नसेल तर देऊ नकोस. परवाना जाईल, काही आभाळ कोसळणार नाही.

दादा


२० मार्च, गुरुवार

ठकी,

पाकीट मिळालं. वॉचमनने आणून दिलं. म्हणाला, "एक ताई देऊन गेल्या, वर जा म्हटलं तर लिफ्ट बंद आहे म्हणाल्या." लिफ्ट चालू होती.

आत पत्र असेल म्हणून उघडलं. जुनंही नव्हतं आणि नवंही. एक दुरेघी कागद. पहिल्या ओळीवर काळ्या शाईत माझी पूर्ण सही, मोठी, प्रत्येक वळण सुटं. खाली अकरा ओळी रिकाम्या.

कित्ता. तू मला कित्ता घालून दिलास.

मी दहा वर्षांचा असताना तुझ्या पाटीवर पहिली ओळ काढून द्यायचो आणि म्हणायचो, "गिरव. पाटी भरल्याशिवाय उठायचं नाही." तू जीभ बाहेर काढून गिरवायचीस. आता चौसष्टाव्या वर्षी मी टेबलाशी बसून माझंच नाव गिरवतो आहे. आज कागदाच्या झेरॉक्स काढून आणल्या, चाळीस. दुकानदार म्हणाला, "नातवाला शाळेत घातलं वाटतं." मी हो म्हटलं.

हात ऐकत नाही. दोन अक्षरं नीट येतात आणि तिसऱ्याला बोट आपोआप रेघ ओढून मोकळं होतं. चाळीस लिफ्टची सवय. एकदा सगळी अक्षरं आली तर शिरोरेघ छपरावरून घसरल्यासारखी. पण गंमत सांगू? झेरॉक्स घेऊन आलो तेव्हापासून मी या खुर्चीवरून उठलेलो नाही. दोन वर्षांत पहिल्यांदा. चहा केव्हाच निवला.

जुनी पत्रं तुझ्याकडेच ठेव. ती तुझीच आहेत, इकडून आई माझ्याकडे काय मागायची आणि मी तिकडून काय काय टाळायचो ते तुला पाठ असेल.

एक अडचण आहे. तक्रार मागे घ्यायच्या अर्जावर एक साक्षीदार लागतो, मला ओळखणारा, समोर सही करणारा. मेहुण्यांना विचारणार होतो. पण विचारतो तुलाच. मंगळवारी, २५ ला, अकरा वाजता. नाही आलीस तर मेहुण्यांना पाठव. नाही पाठवलंस तरी कित्ता मिळाला, माझं निम्मं काम झालं.

दादा


२६ मार्च, बुधवार

ठकी,

काल मला तुझ्याशी काही बोलता आलं नाही, म्हणून आज लिहितो.

मी साडेदहालाच जाऊन बसलो होतो. अकरा वाजून गेले, सव्वाअकरा झाले. काउंटरवरच्या बाई माझ्याकडे बघायच्या, मी दाराकडे. मेहुणेही दिसेनात. मग तू आलीस, ऑफिसची पिशवी खांद्याला, आणि माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलीस. सोडलेल्या खुर्च्यांवर आणखी कुणी बसू नये म्हणून मी देवाला हात जोडायचे बाकी ठेवले होते.

अर्जात मी काय लिहिलं ते तू वाचलंस. "खात्यावरील आजवरच्या सर्व सह्या माझ्या सांगण्यावरून आणि माझ्यासाठी केलेल्या असून त्या मला मान्य आहेत. तक्रार मी रागाच्या भरात केली होती." बाई म्हणाल्या, रागाचं कशाला लिहिता, नुसतं "गैरसमजातून" लिहा. मी म्हटलं, गैरसमज नव्हता.

मग सही. तू बघत होतीस म्हणून पेन आधी रद्दीवर चालवून पाहिलं. पूर्ण काढली. बाईंनी कार्ड शेजारी धरलं, चष्मा पुसला, पुन्हा धरलं. "जुळते," म्हणाल्या. मला वाटलं आता तुझ्याकडे बघावं, पण बघितलं नाही.

त्यांनी कागद तुझ्याकडे सरकवला. तू पेन घेतलंस आणि साक्षीदाराच्या जागी सही केलीस, तुझी स्वतःची. आणि माझ्या लक्षात आलं की ती मी आयुष्यात पहिल्यांदा बघतोय. तीस वर्षं तू माझी सही करत होतीस, आणि तुझी कशी आहे ते मी कधी विचारलंसुद्धा नाही.

लहान, सुटी अक्षरं. आणि नावात दुसरी वेलांटी.

ती पहिली हवी, ठकी. मीच तुला चुकीची शिकवली होती, पाटीवर. तू शाळेत तशीच लिहिलीस, बाईंनी पट्टी मारली, आणि तू घरी येऊन रडत म्हणालीस, "दादाने अशीच काढलीय." मी तुला सांगितलं नाही की माझी चूक झाली. हसलो होतो. पन्नास वर्षं ऑफिसात, कागदावर, लग्नाच्या नोंदीत, सगळीकडे तू ती चूक चालवत राहिलीस. बँकेतल्या बाईंनी विचारलंही, "ताई, इथे पहिली वेलांटी ना?" तू म्हणालीस, "आमच्याकडे दुसरीच काढतात."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मेहुण्यांनी नंबर वाढलाय म्हटलं होतं, त्यामुळे असेल.

बाहेर पायरीवर मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात तू म्हणालीस, "दादा, शिरोरेघ शेवटी ओढायची. तू आधी ओढतोस, म्हणून अक्षरं लटकतात." एवढंच. दोन वर्षांनी एवढंच. आणि तुझी बस आली.

मी पायरीवर उभा राहून हवेत बोटाने शेवटी शिरोरेघ ओढून पाहिली. बरोबर येते.

बँकेचं पत्र मिळालं. पेन्शन वर्ग होईल. परवा जातो. एकतीसला तुला हार घालतील तेव्हा मी नसेन. पुन्हा नसेन. पण या वेळी रजा मिळत नाही असं सांगत नाही. परवान्याची तारीख आहे, हे खरं कारण आहे, आणि मला तरीही वाईट वाटतं.

दादा


९ एप्रिल, बुधवार

ठकी,

पोचलो. परवाना वाचला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी खिडकीसमोर उभा राहिलो.

तिथे काय झालं ते ऐक आणि हस. मी फॉर्मवर सही केली, तू शिकवलेली, अक्षर न् अक्षर, शिरोरेघ शेवटी. खिडकीतल्या साहेबांनी त्यांच्या संगणकात बघितलं, पुन्हा कागद बघितला आणि विचारलं, "ही सही तुमची आहे?"

त्यांच्याकडे माझी रेघ आहे ना! एकतीस वर्षांची रेघ!

तोच प्रश्न, ठकी. तसंच टेबल, तसाच कागद पुढ्यात. या वेळी मी "हो" म्हणालो. ते म्हणाले, जुळत नाही, नेहमीसारखी करून दाखवा. मी दाखवली रेघ, पटली त्यांना, काम झालं. मग मी सही बदलायचा फॉर्म मागून घेतला. त्यांनी कारण विचारलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "जुनी सही परत मिळाली." त्यांना काय कळायचंय! शिक्का मारला.

आता दोन्हीकडे एकच सही आहे. पेन्शनवाल्यांना दर वर्षी हयातीचा दाखला लागतो, माणूस जिवंत आहे म्हणून, त्यावरही हीच चालेल.

माझ्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये अजून ते कार्ड आहे. खाली माझी शेवटची रेघ. त्याच्या खाली नव्या तपासनिसाची, ती आत्ताच निम्मी झिजलेली आहे.

खोलीत सामान लावलं. टेबल खिडकीशी सरकवलं. अजून अधूनमधून उठतो, नाही असं नाही. पण उठलो की टेबलाकडे येतो. तुझा कित्ता समोर लावला आहे, अकरा ओळी भरून.

पाकिटावर तुझं नाव तुझ्यासारखंच लिहिलं आहे, दुसऱ्या वेलांटीने. पोस्टातली बाई म्हणाली, ही लिपी आम्हाला येत नाही, खाली आमच्या अक्षरात लिहा. तसं लिहिलं. पण वरचं खोडलं नाही.

खाली सही करतो आहे. डब्यातलं पहिल्या वर्षीचं पत्र काढ आणि शेजारी धरून बघ.

नाही जुळली तर कळव. जुळली तरी कळव.

तुझा दादा